वाचकांचे प्रश्न : इंटरनेटला पर्याय मांडायचा, तर तो तपासायचा कसा?

प्रश्न : मॅडम, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या चौघांच्या ग्रुपने प्रोजेक्टसाठी ‘इंटरनेटला पर्यायी आर्किटेक्चर’ हा विषय घेतलाय. नेम्ड डेटा नेटवर्किंगबद्दल (एनडीएन) वाचलं आणि ते पटलं. पण आमचे गाईड म्हणतात, हे अमेरिकेतल्या विद्यापीठांचं काम आहे, तुमच्याकडे ना राऊटर ना पैसा, तुम्ही आपला सर्व्हे लिहा. आम्हाला काहीतरी चालवून दाखवायचंय. आमच्याकडे दोन लॅपटॉप आहेत. जमेल का?
– एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : जमेल, आणि दोन लॅपटॉप पुष्कळ झाले. तुमच्या गाईडसरांचा मान राखून सांगते, या विषयात नुसता सर्व्हे लिहून तुमच्या हाती काही लागणार नाही. मी उपनगरातल्या एका कॉलेजात नेटवर्कची लॅब घेते. त्याआधी काही वर्षं एका कंपनीच्या नेटवर्क कंट्रोल रूममध्ये रात्रपाळ्या केल्या. दोन्हीकडे एकच दिसलं : फळ्यावर काढलेली रचना कधी अडत नाही. लिंक तुटली, गर्दी झाली, कुणी मुद्दाम त्रास द्यायला बसलं, की ती अडते. तुमच्या प्रोजेक्टचा जीव तपासणीत आहे.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी मात्र एक कोरा कागद घ्या. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं अमेरिकेतलं पूर्वरूप, टीसीपी/आयपीवर गेलं, म्हणजे आजचं इंटरनेट ज्या नियमांवर चालतं त्यांवर. ही रचना अशी का झाली, ते इंटरनेटच्या रचनाकारांपैकी एक, डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ सालच्या एका निबंधात मांडलंय. मुख्य हेतू होता वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडण्याचा. त्याखाली त्यांनी सात उद्दिष्टं महत्त्वाच्या क्रमाने दिली आहेत. सगळ्यात वर : मधले काही भाग निकामी झाले तरी संवाद चालू राहावा. सगळ्यात खाली : कुणी किती वापरलं त्याचा हिशेब ठेवता यावा. सुरक्षितता त्या सातांत नाहीच. क्रम वेगळा असता तर नेटवर्कही वेगळं झालं असतं, हेही क्लार्क सांगतात.

हा क्रम म्हणजेच आर्किटेक्चर, असं मी मानते. बाकीचं त्यातून निघतं. तुमच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर तुमचा क्रम लिहा. ‘वेगवान, सुरक्षित, स्वस्त आणि कितीही वाढवता येणारं’ असं लिहून आणतात मुलं. तो क्रम नव्हे, ती इच्छा झाली. व्हायवाला मी पहिला प्रश्न हाच विचारते : यातल्या दोन गोष्टी एकदम जमत नसतील तर कुठली सोडाल? ज्यांनी यावर आपसांत भांडण केलेलं असतं त्यांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

आता तुम्ही निवडलेल्या रचनेकडे येऊ. कल्पना मुख्यतः व्हॅन जेकबसन या नेटवर्क संशोधकाची. २०१० साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने भावी इंटरनेटच्या रचनांसाठी ज्या चार प्रकल्पांना पैसे दिले, त्यातला हा एक. आजच्या इंटरनेटमध्ये पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, कुठल्या तरी मशीनच्या पत्त्यावर जातं. इथे पॅकेट मशीन विचारतच नाही, मजकुराचं नाव घेऊन मागणी करतं. आजचा पेपर हवा म्हणून कुणी छापखान्यात जात नाही. स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर मिळतो, नाहीतर शेजाऱ्यांकडे. पेपर तोच आहे ना, एवढं कळलं की झालं. ते कळावं म्हणून या रचनेत प्रत्येक डेटा पॅकेटवर ते तयार करणाऱ्याची डिजिटल सही असते. राऊटरमध्ये तीन गोष्टी असतात : मजकुराचा साठा, अजून उत्तर न आलेल्या मागण्यांची नोंद, आणि कुठलं नाव कुठल्या दिशेला पाठवायचं याचा तक्ता. एकाच नावाची दुसरी मागणी आली तर राऊटर ती पुढे पाठवत नाही, नुसती नोंदवून ठेवतो. उत्तर आलं की दोघांनाही देतो.

हे सगळं एका लॅपटॉपवर मिनिनेटमध्ये उभं राहतं. मिनिनेट २०१० साली स्टॅनफर्डच्या लोकांनी पुढे आणलं, फुकट आहे, लिनक्सवर चालतं. लिनक्सच्याच सोयी वापरून ते एका मशीनच्या पोटात अनेक स्वतंत्र मशीन, स्विच आणि लिंक तयार करतं. प्रत्येक लिंकची बँडविड्थ (एका वेळी किती मावतं), डिले (किती उशीर लागतो) आणि लॉस (किती पॅकेटं हरवतात) तुम्ही ठरवायचा. त्यावर बांधलेलं मिनी-एनडीएन घ्या, म्हणजे तुमची रचना तयारच मिळेल.

जोडणी साधी ठेवा. एक सर्व्हर ‘परदेशात’. तिथून मुंबईच्या राऊटरपर्यंत एकच लिंक, एका दिशेला ६० मिलिसेकंद डिले, बँडविड्थ मुद्दाम कमी. राऊटरखाली दोन कॉलेजं, एक डोंबिवलीचं, एक वसईचं. डोंबिवलीने एक लेक्चरचा व्हिडिओ मागवायचा. मग तोच वसईने मागवायचा. परदेशाच्या लिंकवरून किती डेटा गेला ते मोजणारा काउंटर वेगळ्या खिडकीत उघडा ठेवा. पहिल्या वेळी आकडे भराभर पळतात. दुसऱ्या वेळी काउंटर जागचा हलत नाही, आणि वसईचा व्हिडिओ मात्र पूर्ण उतरलेला असतो. आमच्या लॅबमध्ये हे पहिल्यांदा चाललं तेव्हा मुलींनी काउंटरच बंद पडलाय असं समजून तो पुन्हा सुरू केला. मग दोघांनी एकाच क्षणी मागितला तर काय होतं ते बघा. लिंकवरून एकच प्रत येताना दिसेल.

इथपर्यंत बहुतेक ग्रुप पोचतात, टाळ्या घेतात आणि थांबतात. खरं काम इथून पुढे आहे.

तुलना कुणाशी केली, ते मी आधी बघते. नव्या रचनेला साठा दिलेला असतो आणि जुन्या इंटरनेटला उघड्यावर सोडलेलं असतं. मग नवं जिंकणारच! आजच्या नेटवर्कमध्येही कॉलेजच्या तोंडाशी कॅश, म्हणजे मजकुराचा साठा, बसवता येतो. तो बसवा, त्याला तेवढीच जागा द्या, आणि मग मोजा. २०१३ च्या सिगकॉम या नेटवर्क संशोधनाच्या परिषदेत नेमकं हे तपासणारा एक निबंध आला होता. प्रत्येक राऊटरमध्ये साठा ठेवून जो फायदा होतो, त्यातला बराचसा फक्त कडेला, वापरणाऱ्याजवळ साठा ठेवूनही मिळतो, असं त्यात निघालं. हा निबंध वाचून नाउमेद होऊ नका. त्याने तुमचा प्रश्न धारदार होतो : साठ्याचा फायदा वजा केल्यावर या रचनेचं स्वतःचं काय उरतं? सही मजकुराबरोबर फिरते, हे उरतं. वापरणारा एका वायफायवरून दुसऱ्यावर गेला तरी मागणी नव्याने करता येते, हे उरतं. तेच तपासा. प्रतिस्पर्ध्याला त्याची सगळी ताकद देऊन जे सिद्ध होईल, तेवढंच तुमचं.

मग मोडून बघा. व्हिडिओ अर्धा उतरलेला असताना लिंक पाडा. दोन टक्के लॉस टाका. आणि एका मशीनला अस्तित्वातच नसलेली नावं धडाधड मागायला बसवा. उत्तर येणारच नाही, म्हणून राऊटरच्या नोंदी साचत जातात आणि प्रामाणिक मागण्यांना जागा उरत नाही. ही या रचनेची माहीत असलेली दुखरी जागा आहे. रिपोर्टमध्ये ती झाकू नका, आलेख काढून दाखवा.

गर्दी करूनही बघा. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग ३२ हजार बिट प्रतिसेकंदावरून ४० बिटांवर आला. हजार नव्हे, नुसते ४० बिट. अंतर होतं ४०० यार्ड. तार शाबूत होती, मशीन शाबूत होत्या. पॅकेट हरवलं की प्रत्येक जण तेच पुन्हा पाठवत होता आणि गर्दीत भर घालत होता. टीसीपी तेव्हा नवखं नव्हतं, वापरात होतं. तरी हा दोष इतकी गर्दी होईपर्यंत कुणाला दिसला नाही. त्यावरचा उपाय याच व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली मांडला आणि तो आजही तुमच्या फोनमध्ये चालतो. म्हणून दोन कॉलेजांवर थांबू नका, वीस करा.

वीस करताना एक सांभाळा. मिनिनेट खऱ्या घड्याळावर चालतं. लॅपटॉपचा प्रोसेसर दमला की पॅकेटं उशिरा पोचतात, आणि आलेखात दिसतो तो नेटवर्कचा वेग नसून लॅपटॉपचा दम असतो. शेजारी प्रोसेसरचा वापर दाखवणारी खिडकी ठेवा. तो पूर्ण भरत असेल तर सगळ्या लिंकची बँडविड्थ निम्मी करून प्रयोग परत घ्या. त्याहून मोठं हवं असेल तर एनएस-३ सारखं सिम्युलेटर बरं. त्याचं घड्याळ स्वतःचं असतं, एका सेकंदाचा हिशेब करायला ते तासभर घेऊ शकतं.

आणि गाईडसरांना सांगा, मुंबईला हे काम परकं नाही. १९८६ साली अर्नेट, म्हणजे देशातल्या शिक्षण-संशोधन संस्थांचं नेटवर्क, सुरू झालं तेव्हा त्यातल्या आठ संस्थांपैकी दोन इथल्या होत्या : जुहूचं एनसीएसटी (सॉफ्टवेअर संशोधनाची सरकारी संस्था) आणि पवईचं आयआयटी. पुढे आयआयटीच्याच ग्राममार्ग प्रकल्पाने पालघरच्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या लहरींवरून इंटरनेट नेऊन बघितलं. कागदावर सोडून दिलं नाही, गावात जाऊन अँटेना लावले.

प्रश्न : ताई, मी कुर्ल्यातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. मिठी नदी जवळच आहे. २६ जुलै २००५ ला आमच्याकडे वीज गेली, फोन गेले, आणि पलीकडच्या विंगमध्ये म्हातारी माणसं अडकली आहेत हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. आता सोसायटीतली मुलं म्हणतात, गच्च्यांवर आपलं स्वतःचं नेटवर्क उभारू. एक विक्रेता वायफाय मेशचे सेट घ्या म्हणून मागे लागलाय. पैसे सगळ्यांचे आहेत. आधी तपासायचं कसं?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तुमची मुलं विचार करताहेत तो योग्य आहे, आणि पैसे देण्याआधी तपासायचं म्हणता ते त्याहून योग्य.

वरच्या उत्तरातला क्रम इथेही लावा. तुम्हाला वेग नको, व्हिडिओ नको. निरोप पोचायला हवा, तासाभराने पोचला तरी चालेल. हा क्रम इंटरनेटच्या क्रमापेक्षा वेगळा आहे. इंटरनेट असं धरून चालतं की पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंतची वाट या क्षणी सलग उघडी आहे. पुरात ती नसते. अशा वेळेसाठी वेगळी रचना आहे, उशीर सोसणाऱ्या नेटवर्कची. तीत निरोप वाटेतल्या सेटवर थांबतो आणि पुढचा सेट टप्प्यात आला की सरकतो. ही कल्पना अंतराळातल्या संपर्कासाठी रुजली. २००८ साली नासाने तिची चाचणी घेतली तेव्हा दहा केंद्रांपैकी नऊ जमिनीवर होती आणि दहावं होतं पृथ्वीपासून काही कोटी किलोमीटर लांब असलेलं यान. तुमचं अंतर दोन विंगांचं आहे, अडचण तीच.

वायफाय मेश, म्हणजे एकमेकांना जोडलेले वायफायचे सेट, घेऊ नका. त्याला प्रत्येक ठिकाणी वीज लागते, टप्पा थोडा, आणि तुमच्या गरजेपेक्षा महाग. लोराचे छोटे सेट बघा. लोरा म्हणजे कमी विजेवर छोटे निरोप लांब पाठवणारं रेडिओ तंत्र. ते ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतात, या पट्ट्याला आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. सेटला डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची) मान्यता आहे ना, एवढं पावतीबरोबर मागून घ्या. पॉवर बँकेवर चालतात. विक्रेत्याला एकच प्रश्न खोदून विचारा : समोरचा सेट बंद असेल तर हा निरोप साठवून ठेवतो का? नुसता पुढे ढकलणारा सेट तुमच्या कामाचा नाही.

आणखी एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही. लोराच्या एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त २५५ बाइट मावतात, त्यातले काही पत्त्यात आणि इतर नोंदींत जातात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-वेलांटीसुद्धा वेगळी मोजून. ‘पाणी’ लिहिलं की बारा बाइट गेले. ऐन वेळी घाबरलेला माणूस लांबलचक लिहितो आणि निरोप कापला जातो. तेव्हा दहा-बारा ठरावीक निरोप आधीच ठरवून त्यांना आकडे द्या : औषध हवं, पाणी जिन्यापर्यंत आलं, माणूस अडकलाय, आम्ही ठीक आहोत. तो तक्ता प्रत्येक मजल्यावर लावा. आकडा टाइप करायला आजींनाही जमेल.

आता चाचणी. चारच सेट आणा, जास्त नको. फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारी नको, जुलैच्या पावसात घ्या. एक सेट गच्चीवर, टाकीच्या लोखंडी शिडीपासून दूर. एक पलीकडच्या विंगच्या तळमजल्यावर, दार लावून. काँक्रीट आणि सळया किती अडवतात ते तिथेच कळेल. १ ते ५० नंबरचे निरोप पाठवा. किती पोचले आणि किती उशिरा, वहीत लिहा. मग न सांगता मधला सेट बंद करा, तासाभराने चालू करा, आणि अडकलेले निरोप पुढे गेले का बघा. एका मुलाला सेट रेनकोटच्या खिशात घालून या विंगेतून त्या विंगेत चालत पाठवा. या रचनेत तोही नेटवर्कचाच भाग. दोन सेटमध्ये रेंज नसली तरी निरोप त्याच्याबरोबर चालत जातो. शेवटी पॉवर बँक किती तास पुरते ते रात्रभर ठेवून बघा, कारण २६ जुलैची रात्र मोठी होती.

हे सगळं चाललं तर शेजारच्या सोसायट्यांना घ्या, पण सेट भसाभस वाढवू नका. प्रत्येक सेट ऐकलेलं परत बोलायला लागला की हवेतच गर्दी होते आणि कुणाचंच पोचत नाही. एका निरोपाच्या किती प्रती निघाव्यात यावर मर्यादा घालता येत असेल तर घाला. आणि महापालिकेचा १९१६ नंबर लागत असेल तोवर पहिला फोन तिथेच. तुमचं जाळं फोन न लागण्याच्या वेळेसाठी आहे.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा लंडनला असलेल्या मुलीशी व्हिडिओवर धड बोलता येईना. मला दुसरा मार्ग निवडता का येत नाही?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, गिरगाव

उत्तर : कारण आजच्या रचनेत मार्ग तुम्ही निवडत नाही. कंपन्यांची नेटवर्क आपसांतल्या करारांप्रमाणे तो ठरवतात आणि तुमच्या वाट्याला ठरलेला एकच येतो. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात वाढलेली सायन (SCION) नावाची रचना हेच बदलते : पाठवणाऱ्याला उपलब्ध मार्ग दिसतात आणि त्यातला तो निवडतो. स्वित्झर्लंडच्या बँकांनी आपसांतल्या व्यवहारांसाठी २०२१ मध्ये यावर नेटवर्क सुरू केलं, म्हणजे ही नुसती प्रयोगशाळेतली गोष्ट राहिलेली नाही. तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला ‘पैसा कुठल्या वाटेने गेला’ या प्रश्नाचं मोल वेगळं सांगायला नको. पण मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या बऱ्याच केबल तांबड्या समुद्रातून आणि इजिप्तमधूनच जातात. निवड मिळाली तरी वाटा तितक्याच. त्यासाठी समुद्रात नवी केबलच टाकावी लागते.

प्रश्न : उद्या खरंच नवीन रचना आली तर घरातले राऊटर, फोन सगळं टाकून द्यायचं का?
– एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : नाही. इंटरनेटवर प्रत्येक मशीनला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते जेमतेम ४३० कोटी, ते संपणार हे दिसत होतं, म्हणून १९९५ साली नव्या पद्धतीचं, आयपीव्ही६ चं, पहिलं मानक निघालं. दोन्ही अजून शेजारी शेजारी चालताहेत. नव्या रचनाही जुन्या इंटरनेटच्या पाठीवर बसूनच येतात. वर ज्या नेम्ड डेटाबद्दल लिहिलं, त्याची पॅकेटं बहुतेक प्रयोगांत आयपीवरूनच जातात. आयपीव्ही६ वापरण्यात भारत आज जगात पुढे आहे, आणि ते बहुतेकांच्या फोनमध्ये कुणाला न कळता आलं. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर फोनच्या सेटिंगमध्ये आयपी ॲड्रेस बघा. कोलनने तोडलेला लांबलचक ॲड्रेस दिसला, तर तुम्हीही ते वापरताय.